चाळीस ककारांची व थोरगावच्या तोटीची हकीकत

श्री. धाकट्या अक्षरांचे रक्षण करणारी जी कोणी देवता असेल ती प्रसन्न असो. थोरल्यांचे रक्षण करावयास दरबारे आहेतच. शके सतराशे एकाहत्तर, सौम्यनाम संवत्सरे, आश्विन मासापासून एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येथे लिहिले असे. राज्याचे नाव लिहीत नाही. नाव लिहिले की शेजारची राज्ये 'आमचे नव्हे' म्हणून निर्धास्त पाय पसरतील. बखरी आज्ञेवरून लिहाव्या ऐसा शिरस्ता आहे. या बखरीस आज्ञा कोणाची नाही. लिहिणाऱ्यास संताप आला, तो पोटात मावेना, सबब लिहिली. संवत्सराचे नाव सौम्य होते, त्यास लिहिणाऱ्याचा इलाज नाही.

त्या राज्यात श्रीमंतांच्या तीर्थरूपांनी एक थोर तलाव बांधिला होता आणि त्याखाली तीन गावे भिजत होती. थोरगाव सर्वांत मोठे, त्याचा हक्क छत्तीस वाटे पाण्याचा; मग मांजरवाडी, तिचा सोळा वाटे; आणि टोकाचे आडगाव, त्याचा अवघा चार वाटे. तलाव भरला म्हणजे कार्तिकापासून वैशाखापर्यंत सात महिने पाणी पुरे. परंतु जुन्या लाकडी तोट्या कुजल्या, आणि तेथे पितळी तोट्या बसवाव्या ऐसी मसलत जाहली, आणि मग कोणत्या गावास किती रुंद तोटी द्यावी हा प्रश्न पडला. त्यावर राज्यातील जोशीबुवा, मोठे गणिती, यांनी दोन वर्षे खपून ग्रंथ लिहिला, हस्तलिखित छापखान्यात ठेविले आणि आपण काशीस निघून गेले. ग्रंथाचे सार एका ओळीत होते. तोटीचे तोंड जितकी बोटे रुंद तो 'क' म्हणावा, आणि क लिहून त्याच्या खांद्यावर धाकटा दोन बसवावा; म्हणजे ती बोटे आपल्याशीच गुणावी, येईल तितके वाटे पाणी पडते. चार बोटांची तोटी, चार चोक सोळा वाटे. सहा बोटांची, सहा सक छत्तीस. इतके सरळ होते, आणि सरळ गोष्टीची माती करावयास विद्वानच लागतात.

आता छापखान्याची हकीकत. सरकारचा छापखाना लहानसा, त्यात शिशाचे खिळे, एकेका खिळ्याच्या माथ्यावर एकेक अक्षर उलटे कोरलेले. मजकुराच्या खिळ्यांच्या पेट्या वेगळ्या आणि गणिताच्या खिळ्यांची पेटी वेगळी. मजकुराच्या अक्षराची शिरोरेघ या कडेपासून त्या कडेपर्यंत पुरती, का की त्यास शेजाऱ्याच्या खांद्यावर हात टाकूनच उभे राहावयाचे असते. गणिताचे अक्षर एकटे उभे राहते. त्याची शिरोरेघ आखूड, चहूकडे थोडी मोकळी जागा, आणि उजव्या खांद्यास एक बारीक खाच. त्या खाचेत धाकटा अंक जाऊन बसतो आणि हालत नाही. हे गणिताचे खिळे सटवाजी ओताऱ्याने ओतले होते. ककाराची खाच मनासारखी उतरेना म्हणून त्याने सात वेळा साचा मोडला. मग साधली, आणि चाळीस ककार ओतून जाहले, आणि सटवाजीस ताप भरला, त्यातून तो उठला नाही. म्हणून गणिताचे ककार चाळीसच. त्या पेटीची राखण सटवाजीची बायको मथाबाई हिजकडे आली. बाईस अक्षरे वाचता येत, गणित येत नसे. परंतु पान छापून जाहले की ती मोडलेले खिळे राखेच्या पाण्यात कुंच्याने धुवी, आणि एकेका ककाराच्या खाचेवरून अंगठा फिरवून, खाच शाबूत आहे हे पाहून मग खणात ठेवी. पाच वर्षे तिने नवऱ्याच्या हातचे काम येणेप्रमाणे रोज हाताळले. ज्यांस हे वेडेपण वाटेल त्यांनी बखर येथेच ठेवावी आणि दिवाणजींच्या घरी पानसुपारीस जावे.

दिवाण म्हणजे नारो शिवदेव. मनुष्य गोरा, भरदार, बोलणे मधाळ, आणि आपले अडाणीपण कडक इस्तरी करून अंगावर घालण्याची मोठी हातोटी. त्यांच्या कारकीर्दीस दसऱ्यास पंचवीस वर्षे पुरी होत होती. सबब त्यांनी आपल्याच पराक्रमाचा एक ग्रंथ आपल्याच देखरेखीत छापखान्यात जुळवावयास घातला होता, आणि त्या ग्रंथाची शंभर पाने जुळवून, दोरीने बांधून फळ्यांवर ठेविली होती; आणि त्याचबरोबर जोशीबुवांचा ग्रंथही दसऱ्यास श्रीमंतांच्या हाती द्यावा, म्हणजे 'यांच्या कारकीर्दीत विद्येचाही उत्कर्ष' ऐसे म्हणता येईल, हा बेत. गणिताच्या कामाची रीत ऐसी की एक पान जुळवावे, छापावे, मोडावे, खिळे धुवावे, मग त्याच खिळ्यांनी दुसरे पान जुळवावे. चाळीस ककारांत दुसरे कसे होणार? दिवाणांस इतका दम कोठला. पाने न मोडिता सगळी एकदम जुळवून ठेवावी, ऐसा त्यांचा हुकूम. तलावाच्या मोजणीचे अध्याय चाळीस ककारांत बसले, आणि शेवटचा तोट्यांचा अध्याय आला तेव्हा खण रिता. त्यांनी छापखान्याचे दरोगा केसोपंत यांस बोलावून आणिले आणि विचारिले, "अडले कशास?" केसोपंत चांगले गृहस्थ, परंतु वरिष्ठापुढे उभे राहिले की त्यांचा कणा घरी राही. ते म्हणाले, "साहेब, गणिताचे ककार सरले. मागली पाने मोडू तेव्हा..." दिवाण म्हणाले, "अहो, मजकुराच्या पेटीत ककारांचा ढीग पडला आहे, त्यातले घ्या. कपाळातला क आणि गणितातला क, दोघांस काय वेगवेगळ्या आया व्याल्या? क तो क!" आणि केसोपंतांनी मान डोलाविली. वडाची साल पिंपळाला लावावयाची आणि वर पिंपळानेच आभार मानावे, ऐसा तो हुकूम.

मथाबाईने हे ऐकिले मात्र, हातातला कुंचा टाकून ती तशीच ओल्या हातांनी दिवाणांपुढे उभी राहिली आणि एका तळहातावर मजकुराचा क आणि दुसऱ्यावर जुळलेल्या पानातून उपसलेला गणिताचा क धरून बोलली, "साहेब, मला गणित येत न्हाई, पर खाच येती. ह्या तुमच्या क ला खांदाच न्हाई. धाकटा दोन बसायचा कुठं?" दिवाण हसले, बरोबरचे चार कारकून त्याहून अंमळ जास्त हसले, आणि दिवाण म्हणाले, "शेजारी बसेल. धाकट्याने शेजारी बसावे, थोरल्याच्या खांद्यावर बसू नये." बाई म्हणाली, "बुवांच्या हातच्या पानावर तो खांद्यावर हाय. तुमीच बघा." पान आणविले. दोन वर होता हे आंधळ्यासही दिसावे. तेव्हा दिवाण गंभीर होऊन म्हणतात, "बुवांचे वय जाहले. हात थरथरतो. दोन उडाला आहे." ऐका! ज्याने पाऊण आयुष्य आकाशातील ग्रह जागच्या जागी धरिले त्याच्या हातचा दोन म्हणे उडाला! मग दिवाणांनी परीक्षाही घेतली, म्हणजे उद्या कोणी बोट ठेवू नये. म्हणाले, "आडगावची तोटी घेऊ. क म्हणजे दोन बोटे. क आणि दोन शेजारी उभे असता गुणावे, हा शास्त्राचा नियम. बे दुणे चार. आडगावचा हक्क किती?" कारकून म्हणाले, "चार!" "जमले की नाही?" "जमले, जमले!" आणि मथाबाईच्या तोंडावर बे दुणे चार फेकून मंडळी जेवावयास गेली. बाई तेथेच उभी. काहीतरी चुकते आहे हे अंगठ्यास कळत होते आणि तोंडाने सांगता येत नव्हते, याहून मोठी चीड जगात नाही.

मग जुळणी जाहली. मजकुराच्या ककाराशेजारी धाकटा दोन उभा केला तो डगडगे, दाब पडला की निसटून पडे. दोनदा पडला, तिसऱ्यांदा पडला, तेव्हा जुळाऱ्यांनी त्रासून धाकटा काढला आणि तेथे थोरला दोन ठोकून दिला, का की दोन तो दोन, वरून शिकवणच तशी आली होती. येणेप्रमाणे क आपल्याशी गुणावा हे गेले आणि क ची दुप्पट करावी हे राहिले. दसऱ्यास ग्रंथ श्रीमंतांच्या हाती पडला, दिवाणांस शाल मिळाली, केसोपंतांस नारळ मिळाला, आणि मथाबाई त्या दिवशी दारास आंब्याचे पान न लाविता घरात बसून राहिली.

पुढे तोट्या ओतण्याचे काम गिरमाजी ओताऱ्यास सांगितले. गिरमाजी हा मथाबाईचा पाठचा भाऊ, तिच्याच कडेवर वाढलेला, हात सोन्यासारखा आणि स्वभाव गायीसारखा. कारकुनांनी छापील ग्रंथ उघडून हिशोब मांडिला: थोरगावास छत्तीस वाटे, अठरा दुणे छत्तीस, सबब तोटी अठरा बोटांची, मांजरवाडीस सोळा, आठ दुणे सोळा, सबब आठ बोटांची, आडगावास चार, सबब दोन. गिरमाजीने माप पाहिले आणि तो डोके खाजवीत म्हणाला, "अठरा बोटं? रावसाहेब, ह्यातनं रेडकू जाईल की वो." कारकून म्हणाला, "छापील आहे." "पर एकडाव बघा तरी..." "अरे, छापील आहे म्हणून सांगतो ना!" छापील! जसे काही शाई लागली की गाढवाचा घोडा होतो. तरी तो आक्काकडे आला. म्हणाला, "आक्का, तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "मला वाटून काय उपेग? मला गणित येत न्हाई." हे वाक्य पुढे तिला बहुत सलले. गिरमाजीने राज्यातील असेल नसेल ते पितळ आटवून तोट्या ओतिल्या, गवंड्यांनी बांधावर बसविल्या, आणि दिवाळीच्या पाडव्यास नारळ फोडून पाणी सोडिले.

सोडिले ते काय सोडिले! थोरगावाकडे पाणी धावले ते वाटेतले पाट फोडून, बांध खाऊन, हरभऱ्याची पेरणी धुऊन गेले. मांजरवाडीत गुडघाभर चिखल. आणि आडगावच्या तोटीतून तेवढे पाणी गरीब सुनेसारखे मोजके आणि मुकाट येत होते. विसाव्या दिवशी तलावाची पातळी उतरली आणि आडगावची तोटी, जी अंमळ उंचावर होती, ती कोरडी पडली. आडगावचे लोक मडकी घेऊन राजवाड्यापुढे बसले. तलावाच्या पाण्याचे तीन भागांतले दोन भाग वीस दिवसांत वाहून गेले होते. तोट्यांत चिखल कोंबला, चिंध्या कोंबल्या, लाकडी गुडद्या ठोकल्या. पाण्याने सगळे थुंकून टाकिले. आणि मग दरबारास जे प्रथम सुचते तेच सुचले, की गुन्हेगार पाहिजे. दिवाणांनी शोध केला आणि त्यांस आढळले की गिरमाजीची सासरवाडी थोरगाव! मग काय विचारता. "सासऱ्याच्या शेताकडे पाणी वळवावे म्हणून ओताऱ्याने तोटी मुद्दाम थोरली केली," ऐसा निवाडा लिहून काढिला, गिरमाजीस चावडीत खोड्यात घातले, आणि पाच दिवसांनी दरबारासमक्ष त्याचा उजवा अंगठा तोडावा ऐसे ठरले. चोर सोडून संन्याशास सुळी म्हणतात ती हीच. ओताऱ्याचा उजवा अंगठा म्हणजे ओताऱ्याचे शेत, घर, बायकोचे कुंकू, सर्व तेच. अंगठ्यावाचून तापल्या रसाची पळी कोण धरणार?

मथाबाईने हे ऐकिले तेव्हा ती रडली नाही. तिने गणिताची पेटी पदराखाली घेतली आणि चावडीवर जाऊन खोड्यापुढे बसली. भाऊ म्हणाला, "आक्का, घरी जा. माझं नशीब." ती कडाडली, "नशिबाच्या नावानं खडे फोडू नकोस! नशिबानं तोटी वतली? त्यांनी सांगितली तशी तू वतलीस. आता डोकं चालव. बे दुणे चार बराबर आलं, तर अठरा दुणे छत्तीस चुकलं कसं?" भाऊ म्हणाला, "आक्का, आम्ही वतारी. तोंड दुप्पट केलं की धातू चौपट लागतो, हे मला हातानं ठावं. कागदाचं मला ठावं न्हाई." बाईने पेटी उघडली आणि नवऱ्याच्या हातचे ककार फरशीवर मांडू लागली. दोनांच्या दोन ओळी: चार. दोनाची दुप्पट: चार. मग तीनांच्या तीन ओळी मांडल्या आणि मोजल्या: नऊ. तीनाची दुप्पट सहा. पुन्हा मोजले. पुन्हा नऊ. चारांच्या चार ओळी मांडल्या, सोळा, दुप्पट आठ. सहांच्या सहा ओळी मांडल्या, चाळीसातले छत्तीस ककार लागले, चार हातात उरले, आणि ती त्या चौकोनाकडे पाहातच राहिली. थोरगावचा हक्क तिच्यापुढे फरशीवर मांडलेला होता, सहा बोटांचा. मग तिच्या ध्यानी आले की सगळ्या अंकांत दोन हा एकच ऐसा की तो आपल्याशी गुणिला काय आणि दुप्पट केला काय, सारखाच येतो. आणि दिवाणांनी परीक्षेस नेमका तोच घेतला होता. ती उठली आणि म्हणाली, "मेल्यांनी बरोब्बर लंगडा घोडा पाहून शर्यत लावली!" आणि पाच वर्षांत पहिल्यांदा तिला गणित आले, आणि ते रागाने आले.

पाचव्या दिवशी दरबार भरला. श्रीमंत गादीवर, दिवाण उजवीस, गिरमाजी दोरखंडाने बांधलेला, आणि अंगठा तोडणारा आपला सुरा घेऊन खांबाशी उभा. मथाबाई पेटी घेऊन पुढे आली, मुजरा केला आणि बोलली, "सरकार, माझ्या भावानं चूक केली न्हाई. चूक छापखान्यात जाली, आन ती होताना मी तिथं हुती." दिवाण म्हणाले, "श्रीमंतांचा वेळ मोलाचा आहे. ग्रंथाची परीक्षा आम्ही स्वतः घेतली आहे. बे दुणे..." बाई एकदम ओरडली, "पुरं करा ते बे दुणे चार! दोन घेऊ नका. तीन घ्या!" दरबारात चर्र जाहले. दिवाण म्हणाले, "तीन बोटांची तोटी राज्यात नाहीच. मग तीन कशास घ्यावे?" "मग सहा घ्या. थोरगावची. सहा आपल्याशी गुणून बघा, मग दुप्पट करून बघा, आन सरकारला सांगा दोन्ही सारखं येतं का." दिवाण छताकडे पाहू लागले. श्रीमंतांस पाढे येत होते; लहानपणी छड्या खाऊन शिकले होते. ते ओठांतल्या ओठांत म्हणाले, "सहा सक छत्तीस. सहा दुणे बारा." आणि त्यांचा चेहरा उतरला.

तरी दिवाण दिवाणच. म्हणाले, "हिशोब निराळा, छापा निराळा. ग्रंथ बुवांनी लिहिला तैसाच छापिला. चूक असेल तर बुवांची." तेव्हा बाईने ग्रंथाचे पहिल्या अध्यायाचे पान आणि शेवटचे पान श्रीमंतांपुढे उघडून धरिले. पहिल्यात दोन क च्या खांद्यावर, शेवटल्यात थोरला होऊन क च्या शेजारी. म्हणाली, "एकाच बुवानं एकाच ग्रंथात दोन तऱ्हा लिहिल्या? बाप दाखव न्हाईतर श्राद्ध कर. हा घ्या मजकुराचा क, हा घ्या धाकटा दोन. सरकारांनी आपल्या हातानं बसवावा. बसला तर भावाचा अंगठा घ्या, वर माझा घ्या." श्रीमंतांनी दोन्ही खिळे बोटांत धरिले. बसविला, घसरला. पुन्हा बसविला, पुन्हा घसरला, आणि तिसऱ्या वेळी दोन गालिच्यावर पडून घरंगळत दिवाणांच्या जोड्यापाशी जाऊन थांबला. कोणी हसले नाही. मग बाईने गणिताचा क दिला. सटवाजीच्या हातच्या खाचेत दोन टक् करून बसला, श्रीमंतांनी खिळा उलटा केला, हालविला, तरी तो ढळला नाही. श्रीमंत खिळा हातात तसाच ठेवून म्हणाले, "हे तुला त्या वेळीच ठाऊक होते?" "जी." "मग बोलली का नाहीस?" बाई म्हणाली, "बोलले, सरकार. हात वले हुते, तशीच उभी राहून बोलले. केसोपंतांना इचारा." सर्वांनी केसोपंतांकडे पाहिले. आणि केसोपंतांस त्या दिवशी कणा कोठून सापडला देव जाणे, ते म्हणाले, "बोलली, महाराज. आम्ही जेवावयास गेलो." श्रीमंतांनी हात हालविला आणि गिरमाजीची दोरखंडे सुटली.

परंतु तलाव वाहातच होता. तिन्ही तोट्या मिळून सातपट पाणी जात होते. दरबारात एक दिवस गेला की पुढचे सात दिवस गेले. गिरमाजी मनगटे चोळीत म्हणाला, "सरकार, मोठ्या तोंडात चकती बसवून मधी बेताचं भोक ठेवलं तर निभंल. पर पितळ सरलं. नुसतं शिसं मऊ, दाबानं वाकंल. खिळ्यांचा धातू कडक, तो चालंल." दिवाणांस वाटले, हीच संधी. पुढे होऊन म्हणाले, "उत्तम. त्या गणिताच्या पेटीनेच हा घोळ घातला. तीच आटवावी. नाहीतरी चाळीस खिळ्यांस कोण विचारतो?" हे ऐकून मथाबाईने पेटीवर दोन्ही हात ठेविले आणि तिचा आवाज उलट खाली उतरला. ती म्हणाली, "सरकार, चाळीस खिळ्यांनी एक भोक बुजत न्हाई. छापखान्यात शंभर पानं जुळवून बांधून ठेवल्यात. दिवाणसाहेबांच्या थोरवीची. त्यात ककार बी हायेत, त्यांच्यापायीच हे भगदाड पडलं. ज्यांनी भोक मोठं केलं त्यांनीच ते बुजवावं." श्रीमंतांनी विचारिले, "किती शिसे निघेल?" बाई म्हणाली, "थोरवी लई हाय, सरकार. पुरंल." आणि श्रीमंतांनी दिवाणांकडे न पाहाता हुकूम दिला.

मग बांधावरच भट्टी पेटली. शंभर पाने तशीच बांधलेली आणिली, आणि मथाबाईने आपल्या हाताने एकेक पान कढईत सोडिले. प्रजावत्सल गेले, धुरंधर गेले, दूरदृष्टी गेली, सगळे सारख्याच रुपेरी रसात मिळून गेले. थोरगावच्या चकतीस बहुत धातू लागला, मांजरवाडीस लागला, आणि दोहींच्या भिंतींचे सांधे भरावयास पाने पुरेनात, तेव्हा मजकुराच्या पेट्याही रित्या केल्या. गिरमाजीने शाबूत अंगठ्याने पळी धरून चकत्या ओतिल्या, एकीस सहा बोटांचे भोक, दुसरीस चार बोटांचे, आणि कमरभर पाण्यात उतरून ठोकून बसविल्या. पाणी चिडले, गुरगुरले, आणि मग बेताने पडू लागले. आडगावची तोटी खाली उतरवून बसविली, आणि उरलेल्या पाण्यावर तिन्ही गावे जेमतेम एक महिना निघाली. पुढे आडगावचे लोक गुरे घेऊन देशोधडीस लागले. सारे पाणी परत आले ऐसे लिहिणे खोटे होईल, आणि खोटे लिहावयास दिवाणांचे कारकून आहेत.

शेवटी शुद्धिपत्र काढावयाचे ठरले, आणि दिवाणांनी रात्रंदिवस खपून त्याचा मजकूर स्वतः रचिला. तीन ताव भरले. त्यात जुळाऱ्यांची हातचूक होती, काळाचा महिमा होता, बुवांचे वार्धक्य होते, एका अडाणी बाईचा उल्लेखही होता, आणि दिवाणांचे नाव कोठेही नव्हते. तो मजकूर घेऊन केसोपंत छापखान्यात आले. मथाबाई पेटी पुसत होती. केसोपंत म्हणाले, "मथाबाई, हे जुळवावयाचे आहे." बाईने तीन ताव पाहिले, मग रित्या पेट्यांकडे बोट केले आणि म्हणाली, "कशानं जुळवू? मजकुराचा एक खिळा राज्यात उरला न्हाई. हायेत ते गणिताचे." केसोपंतांनी तीन तावांची घडी करून बगलेत मारिली आणि ते म्हणाले, "मग जेवढे जुळते तेवढे जुळवा." आणि बाईने खणातून एक ककार उचलला, खाचेवरून अंगठा फिरवला, खांद्यावर धाकटा दोन बसविला, आणि यंत्राचा दांडा ओढिला. तेच शुद्धिपत्र. त्यावर सबब नाही, क्षमा नाही, कोणाचे नाव नाही. कोऱ्या कागदाच्या मधोमध एक क, आणि त्याच्या खांद्यावर दोन. ग्रंथाच्या प्रत्येक प्रतीत ते खळीने चिकटविले, आणि दिवाणांच्या घरच्या प्रतीत ते चिकटवावयास मथाबाई स्वतः गेली.

येणेप्रमाणे हकीकत जाहली. दिवाणांचे काही वाकडे जाहले नाही. शाल त्यांनी परत केली नाही, कोणी मागितलीही नाही. थोरगावच्या तोटीत उन्हाळ्यात पाणी खाली गेले की चकतीवर न वितळलेली दोन अक्षरे दिसतात, 'प्रता' इतकीच, उलटी. गणिताचे ककार चाळीसचे चाळीस आहेत. लिहिणाऱ्याचा राग अद्याप गेला नाही.